आठ भागांचा सिनेटर कसा बघायचा

आमच्या बाबांसाठी टीव्हीवरचं राजकारण म्हणजे संध्याकाळची चर्चा, सहा चौकटीत सहा जण एकदम ओरडतायत आणि अँकर सगळ्यांच्या वरताण. मागच्या पावसाळ्यात वैतागून त्यांच्या हातातला रिमोट काढून घेतला आणि १९७० सालची एक अमेरिकन सिरीज लावली, 'द बोल्ड वन्स: द सिनेटर'. पायलट, म्हणजे सिरीजच्या आधी दाखवलेला चाचणीचा भाग, तो धरून नऊ गोष्टी, संपलं. त्यानंतर दोनतीन मित्रांनी विचारलं की नेमकं काय आहे हे, कुठनं आणलं, कुठनं सुरुवात करू. प्रत्येकाला वेगवेगळं व्हॉइस नोटमधे सांगून कंटाळलो म्हणून एकदाच लिहून टाकतोय. मी पहिल्यांदा लावताना ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नका, एवढाच उद्देश.

आधी ही भानगड काय ते. एनबीसी चॅनलवर रविवारी रात्री दहाला 'द बोल्ड वन्स' नावाची जागा होती, तिच्यात एकच सिरीज नव्हती तर तीन वेगवेगळ्या सिरीज आलटून पालटून यायच्या. एकीत डॉक्टर, त्यात ई. जी. मार्शल, दुसरीत वकील, त्यात बर्ल आइव्हज, आणि तिसरी आधी पोलिसांची होती ती बंद करून १९७०-७१ ला सिनेटरची आणली. सिनेटरचं नाव हेज स्टो, काम हॅल हॉलब्रुकचं. हा हॉलब्रुक म्हणजे रंगभूमीवर अमेरिकन लेखक मार्क ट्वेन होऊन एकटाच अख्खा प्रयोग करायचा तो, आणि पुढे १९७६ मधे वॉटरगेट घोटाळ्यावरच्या सिनेमात पार्किंगच्या अंधारात उभा राहून पत्रकाराला टिप देणारा माणूसही तोच. बाबांनी आवाजावरनं ओळखला, मला सांगावं लागलं नाही.

आता मिळवायचं कसं. नुसतं 'सिनेटर' टाकून सर्च केलं तर जगातले सगळे सिनेटर येतील. 'बोल्ड वन्स' टाकलं तर डॉक्टर आणि वकील येतील, मी एकदा अर्धा तास वकिलांचा एपिसोड बघत बसलो होतो, सिनेटर कधी येतो म्हणून. सगळ्यात मोठा घोळ पायलटच्या नावात आहे, त्याचं नाव 'अ क्लिअर अँड प्रेझेंट डेंजर', आणि जवळजवळ त्याच नावाचा हॅरिसन फोर्डचा १९९४ चा ॲक्शन सिनेमा आहे, तो तुमच्या गळ्यात पडणार हे नक्की धरा. त्यामुळे साल बघा, १९७० आणि नाव हॅल हॉलब्रुक, दोन्ही जुळलं तरच पुढे जा.

सरळ मार्ग म्हणजे २०१५ ला अमेरिकेत निघालेला डीव्हीडी संच, त्यात पायलट आणि आठही भाग आहेत. माझा मामेभाऊ न्यू जर्सीहून येताना घेऊन आला, चितळ्यांच्या बाकरवडीच्या बदल्यात. पण इथे एक गोची आहे, अमेरिकेच्या डिस्क रीजन १ च्या असतात आणि आपल्याकडचे प्लेअर रीजन ५ चे, त्यामुळे घरच्या जुन्या प्लेअरमधे टाकली की नुसता मेसेज येतो. जुना प्लेअर मल्टी-रीजन असेल तर प्रश्न मिटला, नसेल तर लॅपटॉपला बाहेरनं जोडायचा ड्राइव्ह घ्या. मात्र ड्राइव्हने रीजन बदलू का विचारलं तर ओके ओके करत सुटू नका, तो साधारण पाच वेळाच बदलता येतो आणि पाचव्या वेळेला जिथे असेल तिथेच कायमचा अडकतो. मी दोन वेळा उगाच घालवल्या. लॅपटॉपवरनं केबल लावून टीव्हीवर घ्यायचं, चित्र चौकोनी दिसेल, दोन्ही बाजूला काळे पट्टे येतील, ते तसेच राहू द्या. ताणून रुंद केलं तर हॉलब्रुक कुस्तीगीर दिसतो.

बघायला बसायच्या आधी दहा मिनिटं थोडी तयारी लागते. नाहीतर पहिल्याच एपिसोडमधे घरच्यांचे प्रश्न सुरू होतात आणि पॉज करून करून जीव जातो.

पहिली गोष्ट सिनेट म्हणजे काय. आपल्या राज्यसभेसारखं, पण अगदी तसं नाही. तिथे राज्य केवढंही असो प्रत्येकाचे दोनच सिनेटर, म्हणजे एकूण १००, आणि टर्म सहा वर्षांची, ती आपल्या राज्यसभेइतकीच. पण आपल्याकडे आमदार राज्यसभेचे खासदार निवडतात आणि तिथे १९१३ पासून सिनेटरला लोक थेट मत देतात, त्यामुळे त्याला घरी परत जाऊन लोकांना तोंड दाखवावं लागतं.

दुसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, ही कळली नाही तर सिरीज खोटी वाटते. आपल्याकडे पक्षाने व्हिप काढला की तसंच मत द्यायचं, नाहीतर १९८५ च्या पक्षांतर बंदी कायद्याने सदस्यत्व जाऊ शकतं, हे आता महाराष्ट्रात शाळेतल्या पोरांनाही पाठ झालंय. अमेरिकेत तसा कायदा नाही. सिनेटर स्वतःच्या पक्षाच्या विरोधात मत देऊ शकतो, खुर्ची जात नाही. म्हणून स्टो एकेका सिनेटरच्या केबिनमधे जाऊन समजूत काढत बसतो, कारण प्रत्येक मत वेगळं मिळवावं लागतं. बाबा पहिल्या दिवशी म्हणाले, हा अध्यक्षाला सांगून मोकळा का होत नाही, एवढा फिरतोय कशाला. हे आधी सांगितलं असतं तर वाचलो असतो.

तिसरी गोष्ट, त्या काळात कमिटीचं अध्यक्षपद मुख्यतः ज्येष्ठतेवर मिळायचं. जो जास्त वर्षं बसलाय तो अध्यक्ष, मग तो किती का थकलेला असेना. ॲरिझोनाचे कार्ल हेडन नावाचे सिनेटर जानेवारी १९६९ मधे निवृत्त झाले तेव्हा ९१ वर्षांचे होते, आणि तोपर्यंत सरकारी खर्चाची जी कमिटी असते तिचे अध्यक्ष होते, म्हणजे तिजोरीची किल्लीच. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

चौथी, ते साल. जून १९६८ मधे रॉबर्ट केनेडीला गोळ्या घातल्या, तोही सिनेटर होता. व्हिएतनाम चालू होतं. एप्रिल १९७० मधे पहिला वसुंधरा दिन झाला. आणि ४ मे १९७० ला ओहायोमधल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डने निदर्शनं करणाऱ्या पोरांवर गोळीबार केला, तेरा सेकंदात चार जण मेले, नऊ जखमी. सिरीज सुरू झाली सप्टेंबरमधे. म्हणजे जेमतेम चार महिने झाले होते हो. आपल्याकडे तर मुंबई दूरदर्शनच सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, म्हणजे आपल्याकडे टीव्ही यायच्या आधीच हे सुरू होऊन संपलं पण होतं.

एवढं झालं की लावा. पण पायलटपासून नको.

मी पायलटपासून सुरुवात केली ही माझी मोठी चूक. पायलट वाईट नाही, मार्च १९७० ला दाखवला होता, स्टो तेव्हा सिनेटर नाही, निवृत्त होणाऱ्या सिनेटर बापाच्या जागी उभं राहायच्या तयारीत आहे आणि मधेच हवेच्या प्रदूषणाचा विषय लावून धरतो, ज्यात मतं कमी आणि शत्रू जास्त. बापाची गादी मुलाला म्हणलं की आपल्याला लगेच हसू येतं, बाबा तर म्हणाले हे आपल्याकडेच आहे की, यात नवीन काय. पण तो सिनेमाच्या लांबीचा आहे आणि हळू चालतो, रात्री जेवून बसलात तर अर्ध्यात डुलक्या. आमच्याकडे तसंच झालं, बाबा झोपले आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले चर्चाच बरी होती.

म्हणून सुरुवात 'द डे द लायन डाइड' पासून करा. हा दुसरा एपिसोड. एक म्हातारा सिनेटर, मोठं वजन असलेला, सगळ्यांना ज्याचा आदर, आणि त्याचं डोकं आता साथ देत नाहीये. विसरतो, भरकटतो. आजूबाजूच्यांना दिसतंय. आता हे त्याला सांगायचं कोणी. ती ज्येष्ठतेची गोष्ट इथे लागते, कारण तो नुसता म्हातारा नाही, त्याच्या हातात खरी सत्ता आहे. हा एपिसोड कळायला अमेरिका माहीत असायची गरजच नाही, ज्याच्या घरात एक तरी मोठं माणूस असं हळूहळू विसरत गेलंय त्याला पहिल्या पाच मिनिटातच कळतं. आणि नेत्याच्या तब्येतीबद्दल कार्यकर्ते कसं "साहेब एकदम ठणठणीत" सांगत फिरतात ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

तो म्हातारा झालाय विल गीर. थोडं थांबून सांगतो कारण हे कळल्यावर मी परत बघितला. हा नट १९५० च्या दशकात कम्युनिस्ट शोधणाऱ्या संसदीय कमिटीपुढे उभा राहिला, उत्तरं द्यायला नकार दिला, आणि त्याला हॉलीवूडमधे कितीतरी वर्षं काम मिळालं नाही. संसदेच्या कमिटीनेच ज्याचं पोट मारलं तोच माणूस वीसेक वर्षांनी सिनेटर बनून तिथल्या खुर्चीचा रुबाब दाखवतोय, आणि काय दाखवतोय! दिग्दर्शन डॅरिल ड्यूकचं, त्याला याच एपिसोडसाठी एमी, म्हणजे तिथलं टीव्हीचं मोठं बक्षीस, मिळालं.

हा झाला की पायलट लावा, रविवारी दुपारी, चहासकट. आता स्टो कोण आहे त्यात तुम्हाला रस आहे, त्यामुळे जड जात नाही. आणि लक्षात ठेवा की अमेरिकेचा हवा-प्रदूषणाचा मोठा कायदा त्याच वर्षी ३१ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या सहीने झाला, म्हणजे हे लोक शिळ्या विषयावर भाषण देत नव्हते, कायदा होण्याच्या आधी नऊ महिने घराघरात हा विषय नेत होते.

मग 'टु टेस्ट ऑफ डेथ बट वन्स', प्रक्षेपणाच्या क्रमाने हा पहिला. शेक्सपिअरच्या ज्युलियस सीझरमधली ओळ आहे, शूर माणूस मरणाची चव एकदाच घेतो अशा अर्थाची. स्टोला जीवे मारायची धमकी येते, आणि प्रश्न हा की आता लोकांत जायचं की नाही. केनेडींचं आठवून बघा मग कळेल की तेव्हाच्या लोकांना हे बघताना पोटात कसा गोळा आला असेल. बायको एरिनचं काम शॅरन ॲकरने केलंय, चांगलं केलंय, पण लिहिणाऱ्यांनी तिला बऱ्याचदा काळजी करायलाच ठेवलंय हे खटकतं. बायकांच्या बाबतीत ही सिरीज तिच्या काळातच राहिली. लेखक जोएल ओलियान्स्की, त्यालाही याच्यासाठी एमी.

आता खरा मोठा. 'अ कंटिन्युअल रोअर ऑफ मस्केट्री', दोन भाग, नोव्हेंबर १९७० ला आले. हे एका बैठकीत बघा, मधे दिवस जाऊ देऊ नका, मधे जेवायलासुद्धा उठू नका. कॉलेजात निदर्शनं, नॅशनल गार्ड, गोळीबार, विद्यार्थी मेलेत. आणि चौकशी समितीचा अध्यक्ष स्टो. बस, अख्खी गोष्ट एका खोलीतली साक्ष आहे, एकेक साक्षीदार येतो आणि जे त्याने बघितलं ते सांगतो, मग ते आपल्याला दिसतं, मग पुढचा येतो आणि त्याच क्षणाचं वेगळंच सांगतो.

यासाठी वही पेन घेऊन बसा, खरंच सांगतोय. मी नंतर केलं तेव्हा कळलं. पानाचे तीन उभे भाग करा. कोण बोलतोय, त्याने स्वतःच्या डोळ्यांनी काय बघितलं, आणि काय नुसतं ऐकलंय किंवा धरून चाललाय. पहिला भाग संपेपर्यंत तुमच्या लक्षात येईल की तिसरा रकाना सगळ्यात भरलाय. बाबा जिल्हा परिषदेत स्थायी समितीच्या मीटिंगचं इतिवृत्त लिहायचे, तीस वर्षं तेच केलं, ते म्हणाले दे इकडे, तुझं अक्षर तुलाच लागत नाही. आणि मग दोन्ही भाग त्यांनी अध्यक्षाच्या शेजारी बसल्यासारखे लिहून काढले, मधेच "हा साक्षीदार शिकवलेला आहे" असा शेरा. त्यांनी हे कशावरून ओळखलं विचारलं तर म्हणाले, खरं बघितलेला माणूस तपशील चुकतो, शिकवलेला चुकत नाही.

नॅशनल गार्डला आपल्या एसआरपीएफसारखं समजू नका, हे पूर्णवेळ पोलीस नाहीत. एरवी आपापली नोकरी धंदा करणारी माणसं, गव्हर्नरने बोलावलं की वर्दी घालून येतात, आणि त्यातले बरेच समोरच्या विद्यार्थ्यांच्याच वयाचे. हे माहीत असलं की बंदुकीमागचा चेहरापण बघावासा वाटतो, आणि तो दाखवलाय. खऱ्या केंट स्टेटसाठी निक्सनने विल्यम स्क्रँटनच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला होता, त्याने गोळीबार अनावश्यक, असमर्थनीय आणि अक्षम्य होता असं लिहिलं. ते आधी वाचू नका, एपिसोड झाल्यावर वाचा. आधी वाचलं तर तुम्ही निकाल ठरवूनच बसता आणि मग साक्षी ऐकायची मजा, मजा म्हणजे मजा नाही, पण कळलं ना, ती जाते.

त्यानंतर एक दिवस सोडून 'जॉर्ज वॉशिंग्टन टोल्ड अ लाय'. धरण आणि मूळ रहिवाशांची जमीन. हा मला सगळ्यात अस्वस्थ करणारा वाटला कारण इथे विकास हवा असलेला माणूस आपला भला सिनेटरच आहे, कोणी खलनायक ठेकेदार नाही. यामागची खरी गोष्ट शोधायची असेल तर सेनेका लोकांचं किन्झुआ धरण वाचा, वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना १७९४ मधे झालेल्या तहाने ती जमीन त्यांचीच असं मान्य केलं होतं, आणि १९६५ पर्यंत तिथे धरण उभं राहून सुमारे दहा हजार एकर त्यांच्या हातातून गेली. मुळशी, कोयना, नंदुरबारच्या नर्मदाकाठची गावं, आपल्याला हा विषय काय नवा आहे. आमच्या शेजारच्या काकू सहज येऊन बसल्या होत्या, त्यांचं माहेर कोयनेच्या पाण्याखाली गेलेलं. एपिसोड संपल्यावर काही बोलल्या नाहीत, फक्त विचारलं की त्या लोकांना जमिनीच्या बदल्यात जमीन मिळाली का.

उरलेले तीन, 'पॉवर प्ले', 'समडे दे'ल इलेक्ट अ प्रेसिडेंट' आणि 'अ सिंगल ब्लो ऑफ अ सोर्ड', कुठल्याही क्रमाने बघा. खोटं कशाला सांगू, हे मला वरच्यांच्या मानाने फिके वाटले, नेहमीच्या टीव्हीच्या जवळचे. पण त्यात स्टोचा सहायक जॉर्डन बॉइलकडे लक्ष ठेवा, काम मायकल टोलनचं. साहेबाने तत्त्वाचं बोलायचं आणि त्याचा हिशोब पीएने जुळवायचा, ही जोडी आपण मंत्रालयापासून ग्रामपंचायतीपर्यंत बघितलीये. स्टो काय बोलतो ते नंतर, बॉइलचा चेहरा आधी बघा, या वाक्याची किंमत किती ते तिथे लिहिलेलं असतं.

आणि हीच माझी सगळ्यात मुख्य टिप, सगळ्या एपिसोडना लागू. आदर्शवादी नेता म्हणलं की आपण वाट बघतो की हा शेवटी भाषण ठोकणार आणि सगळे टाळ्या वाजवणार. तसं धरून बसलात तर ही सिरीज तुम्हाला थंड वाटेल. त्याऐवजी प्रत्येक एपिसोड संपला की एकच ओळ लिहा, आज याने काय सोडलं. कधी एक मित्र, कधी एक मत, कधी स्वतःचंच आधीचं म्हणणं. हॉलब्रुकची कमाल अशी की तो हे सोडणं ओरडून दाखवत नाही, चष्मा काढतो किंवा वाक्य अर्ध्यात थांबवतो, मग आपणच समजून घ्यायचं. बाकी त्या काळचे दोष आहेतच, कॅमेरा उगाच झूम होतो, पार्श्वसंगीत नको तिथे ढँढँ करतं, रस्त्यावरचे सीन स्टुडिओतले आहेत हे दिसतं. पहिल्या दोन एपिसोडनंतर डोळ्याला सवय होते.

बंद का पडली हा प्रश्न येणारच. एक तर तीन सिरीज आलटून पालटून, म्हणजे सिनेटर साधारण दर तिसऱ्या रविवारी, त्यातही रात्री दहाला. तेव्हा घरी रेकॉर्ड करायची सोय नाही, चुकला म्हणजे चुकला. अशाने सवय लागत नाही, आणि प्रेक्षकसंख्या कमी भरली. डॉक्टर १९७३ पर्यंत चालले, वकील १९७२ पर्यंत, सिनेटर एका सीझनमधे घरी. मग मे १९७१ मधे एमी झाले, तोपर्यंत सिरीज रद्द झालेली, आणि तिलाच सर्वोत्कृष्ट नाट्य मालिका, हॉलब्रुकला अभिनय, शिवाय दिग्दर्शन, लेखन आणि संकलन, एकूण पाच बक्षिसं. नसलेल्या सिरीजला.

पण हे सगळं तुमच्यापुरतं ठेवा. ज्यांच्यासोबत बघताय त्यांना आधी सांगू नका की पुढे काही नाहीये. मी नव्हतं सांगितलं. शेवटची डिस्क संपली, बाबांनी वहीचं नवीन पान उघडलं, वर तारीख टाकली आणि म्हणाले पुढची लाव.

म्हणलं, बाबा संपली.

"संपली कशी? अजून याची सहा वर्षांची टर्म आहे ना?"